सेंटओएसची मुदत आणि कोल्हापूरचे सर्व्हर : पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर भागातल्या छोट्या कारखान्यांत लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचे जे सर्व्हर आज अडलेले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये बिघाड असा काहीच नसतो. डिस्क ठणठणीत असते, सांबाचे शेअर (नेटवर्कवरची सामाईक फोल्डरे) उघडतात, डेटाबेस चालतो. ‘यम अपडेट’ ही सुधारणा उतरवण्याची आज्ञा दिली की मात्र मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजे कुठून उतरवायची त्या यादीचा, पत्ता सापडत नाही असा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते. ३० जून २०२४ ला या मशीनवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सच्या आवृत्तीची मुदत संपली, म्हणजे सुधारणा येणे थांबले, आणि त्यानंतर तो पत्ताच काढून टाकण्यात आला. नेट गेले असेल म्हणून राउटर बंद-चालू करणारे, डीएनएस बदलून पाहणारे आजही भेटतात.

जुना इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९९६ च्या सुमारास संगणकविषयक मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या आणि हे प्रकरण हौशी मंडळींच्या हाती पडले. सायबर कॅफेंच्या काळात त्याला पोटापाण्याचे काम मिळाले. एकच कनेक्शन दहा मशीनना वाटून द्यायचे तर लिनक्सची एक जुनी पेटी, त्यावर मास्करेडिंग (एक कनेक्शन वाटून देण्याची सोय) आणि स्क्विड (उघडलेली पाने साठवून ठेवणारा प्रोग्रॅम), हा सगळ्यांत स्वस्त मार्ग होता. राजारामपुरी-शाहूपुरीत लिनक्स शिकलेल्या पिढीतले अनेक जण या कॅफेंच्या मागच्या खोलीतच तयार झाले. मार्च २००३ मध्ये रेड हॅट कंपनीचे रेड हॅट लिनक्स ९ आले आणि एप्रिल २००४ मध्ये त्याचा आधार संपला. कंपनीने पुढचे लक्ष पैसे देऊन घ्यायच्या एंटरप्राइझ आवृत्तीवर ठेवले. तिचा सोर्स (प्रोग्रॅमची मूळ संहिता) मात्र खुला होता. तोच सोर्स घेऊन, कंपनीचे नाव आणि चिन्हे काढून, पुन्हा बांधलेली प्रणाली म्हणजे सेंटओएस. २००४ पासून ती फुकट मिळू लागली.

तेव्हाच्या तक्रारी वेगळ्या होत्या. लोडशेडिंगचे दिवस, यूपीएसची बॅटरी उतरलेली आणि सर्व्हर कोपऱ्यात, देवाच्या फोटोखाली. ईएक्सटी३ या फाइल सिस्टीममध्ये जर्नलची (बदल आधी टिपून ठेवण्याची) सोय होती, पण डिस्कच्या कॅशमधले गेले ते गेलेच. मशीन परत चालू केली की फाइल सिस्टीम तपासणी अर्ध्यावर अडायची आणि पडद्यावर यायचे : दुरुस्तीसाठी रूट पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. गूळ मार्केटमधल्या अडत दुकानाचे दिवाणजी फोनवर सांगायचे, “साहेब, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आल्यात, आणि काय टाइप केलं तर दिसंना झालंय.” पासवर्ड टाइप करताना तो दिसत नाही, हे समजावण्यात पाच मिनिटे जायची. मग दुरुस्तीची आज्ञा सांगायची : ‘एफएससीके’, जागा सोडा, डॅश, वाय, पुन्हा जागा सोडा आणि डिस्कचे नाव. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) निम्मा धंदा या फोनवर चालायचा.

२०१४ मध्ये रेड हॅटचे एंटरप्राइझ ७ आणि पाठोपाठ सेंटओएस ७ आले. सेवा चालू-बंद करणारे सिस्टीमडी, नेटवर्क कार्डाला ‘ईटीएच०’ च्या जागी ‘ईएनपी३एस०’ सारखी नावे, लॉग (नोंदी) पाहायला जर्नलसीटीएल अशी सगळी नवी भानगड बरोबर आली. त्यावर जगभर वादाचे रण माजले. कोल्हापुरात सहा महिने कुरकुर झाली आणि मग सगळे ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस’ म्हणू लागले. एसई-लिनक्स हे सुरक्षेचे कवच मात्र तेव्हाही बंद करून ठेवायचे आणि आताही बहुतेक ठिकाणी बंदच असते. त्याबद्दल न बोललेले बरे.

त्याच वर्षीच्या जानेवारीत सेंटओएस प्रकल्पच मूळ कंपनीच्या, म्हणजे रेड हॅटच्या, छत्राखाली गेला. तेव्हा बहुतेकांना ही चांगली बातमी वाटली, कारण आता पैसा आणि माणसे दोन्ही मिळणार होती. पुढे जुलै २०१९ मध्ये ती कंपनी स्वतःच त्याहून मोठ्या कंपनीच्या मालकीची झाली. सौदा ३४ अब्ज डॉलरचा होता.

लगेच ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात महापूर आला. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या तळमजल्यांवर पाणी शिरले, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. तळमजल्यावरचा सर्व्हर गेला आणि त्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची डिस्कही गेली, ही त्या पावसाळ्यातली नेहमीची कहाणी. पाणी ओसरल्यावर बऱ्याच जणांनी ऑफिसात पेटी ठेवण्याचा नाद सोडला आणि भाड्याचा व्हीपीएस (दूरच्या केंद्रातला सर्व्हर) घेतला. मोठ्या क्लाउड कंपनीचे मुंबईतले केंद्र २०१६ पासून सुरू होतेच. सेंटओएस ८ बाहेर आले २४ सप्टेंबर २०१९ ला, म्हणजे पूर ओसरल्यावर काही आठवड्यांतच. नव्याने मांडामांड करणाऱ्याने त्या हिवाळ्यात साहजिकच सगळ्यांत नवी आवृत्ती टाकली, कारण तिची मुदत ३१ मे २०२९ पर्यंत जाहीर झालेली होती. दहा वर्षांची निश्चिंती.

८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. २०२९ चे २०२१ झाले. यापुढे भर सेंटओएस स्ट्रीमवर, असे सांगण्यात आले. जुने सेंटओएस एंटरप्राइझ आवृत्तीच्या मागून यायचे. तिच्यात जे ठरले, तपासले गेले, तेच इकडे मिळायचे. स्ट्रीम पुढून चालते. एंटरप्राइझच्या पुढच्या उपआवृत्तीत जे जायचे ते आधी स्ट्रीममध्ये दिसते. पगारपत्रकाचा सर्व्हर चालवणाऱ्याला पुढे काय येणार याची उत्सुकता नसते, त्याला मागे राहण्यातच सुख असते.

वेळही अशी निवडलेली की राग यावाच. सेंटओएस ६ ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली होती. तिच्यावरून हलायचे म्हणून लोकांनी लॉकडाउनच्या वर्षात रात्री जागून ८ वर स्थलांतर केले होते. ते संपून आठच दिवस झाले होते.

कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. आम्ही राबायचे आणि इतरांनी तेच फुकट बांधून घ्यायचे, त्यातून आमच्याकडे परत काही येत नाही, हे म्हणणे हिशेबाला धरून होते. आपल्याकडेही सेंटओएसवर चालणाऱ्या कितीशा दुकानांनी कधी एखादा बग नीट कळवला असेल? पण तक्रार फुकटेपणाची नव्हतीच. ९ पासून असे करू म्हटले असते तर कुरकूर झाली असती आणि विरली असती. बाजारात आलेल्या, लोकांनी टाकून झालेल्या आवृत्तीची छापलेली तारीख सात वर्षांहून जास्त अलीकडे ओढली, ते झोंबले. कोल्हापुरात व्यवहार अजून बराचसा शब्दावर चालतो, इथे तर ते जास्तच झोंबले.

जानेवारी २०२१ मध्ये मलमपट्टी झाली. डेव्हलपर सबस्क्रिप्शनखाली १६ मशीनपर्यंत एंटरप्राइझ आवृत्ती फुकट वापरा, अगदी प्रत्यक्ष कामासाठीही. दोन सर्व्हर असलेल्या फाउंड्रीला सोळा म्हणजे चिक्कार. मेख अशी की हे सबस्क्रिप्शन व्यक्तीच्या नावावर असते, फर्मच्या नावावर नाही, आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ज्या पोराच्या ईमेलवर ते घेतले तो पुण्याला नोकरीला गेला की झाले.

त्याच सोर्सवरून बांधलेले पर्याय लवकर उभे राहिले. अल्मालिनक्सची आठवी आवृत्ती मार्च २०२१ च्या अखेरीस आली, रॉकी लिनक्स ८.४ जूनमध्ये. ८ वरून या दोन्हींवर जाणे सोपे होते. एक स्क्रिप्ट चालवायची, ती रेपो (पॅकेजे मिळण्याची ठिकाणे) आणि काही पॅकेजे बदलते, मशीन रीबूट करायची. काहींनी या घराण्याशीच फारकत घेतली आणि डेबियन किंवा उबुंटू हे दुसऱ्या घराण्यातले लिनक्स धरले. तिसरा गट ७ वरच बसून राहिला, आणि आपल्याकडे तोच मोठा होता. ७ ची मुदत २०२४ पर्यंत शाबूत होती. २०२१ च्या अखेरीस ८ वाले धावपळ करत असताना हे लोक निवांत होते. “बघा, जुनं ते सोनं,” असे ऐकवायचेही. मिळालेली अडीच वर्षे मात्र बहुतेकांनी काहीच न करता घालवली.

खरी अडचण प्रणालीच्या वर बसलेल्या कामाची होती. सेंटओएस ७ बरोबर पीएचपी ५.४ आणि पायथन २.७ या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येतात, आणि मारियाडीबी ५.५ हा डेटाबेस. २०१२-१३ कडे कोणीतरी लिहून दिलेला गेटपासचा किंवा स्टॉकचा प्रोग्रॅम त्यावर चालतो आणि त्यात ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ (डेटाबेसला जोडणारे फंक्शन) आहे, जे पीएचपी ७ मधून काढून टाकले गेले. नवी मशीन उभी करणे हे अर्ध्या दिवसाचे काम. तो प्रोग्रॅम नव्या पीएचपीवर आणणे याला कोणी हात लावत नाही, कारण लिहिणारा आता फोन उचलत नाही.

जून २०२३ मध्ये आणखी एक दार लोटले गेले. एंटरप्राइझ आवृत्तीचा सोर्स सर्वांसाठी उघडा ठेवणे कंपनीने थांबवले. ग्राहकांना तो मिळणार, बाकीच्यांनी स्ट्रीमचा घ्यावा. अल्माने हुबेहूब नक्कल करण्याचा हट्ट सोडला आणि प्रोग्रॅम चालण्यापुरती सुसंगतता राखायचे ठरवले. रॉकीने आडवाटांनी सोर्स मिळवत हुबेहूबपणा टिकवला. इथल्या दुकानात दोन्हींत जाणवेल असा फरक नाही, वाद मात्र चहाच्या गाड्यावर तासभर पुरतो.

७ ची मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ ला, ओपनएसएसएच या दुरून सर्व्हर हाताळायच्या प्रोग्रॅममधला ‘रिग्रेशन’ नावाने गाजलेला दोष जाहीर झाला. तो ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. सेंटओएस ७ वरचे ओपनएसएसएच ७.४ त्यातून सुटले. मुदत संपलेल्या मशीनवाल्यांना एवढे आयते समर्थन मिळायला नको होते.

मिररलिस्टच्या अडचणीवर आता एक उतारा सगळीकडे फिरतो. रेपोच्या फाइलमध्ये मिररलिस्टच्या ओळीपुढे हॅश (#) लावून ती बंद करायची, बेसयूआरएलच्या (थेट पत्त्याच्या) ओळीचा हॅश काढून ती चालू करायची, ‘मिरर’च्या जागी ‘व्हॉल्ट’ लिहायचे. यम सुरू होते, पॅकेज उतरते, मालक खूश होतो. व्हॉल्ट ही जुन्या पॅकेजांची कोठी आहे. तिच्यात जून २०२४ नंतरचे काही नाही, म्हणून यम रोज ‘अपडेटसाठी काही नाही’ असे सांगते आणि मालक ते ‘सगळे ताजे आहे’ असे वाचतो. हवे ते एखादे पॅकेज टाकून स्थलांतराची तयारी करायला हा उतारा चांगला. त्यावर वर्ष काढणे धोक्याचे.

डेस्कटॉपचे प्रकरण वेगळे आणि लहान आहे. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला तेव्हा काही ऑफिसांनी उबुंटू आणि मिंट हे लिनक्स करून पाहिले. हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन आणि प्रत्येक टेबलावरचा तो छोटा लेझर प्रिंटर या तिघांनी मिळून त्यांना परत पाठवले. छापखान्यांत तर पेजमेकर आणि बिगर-युनिकोड फाँटमध्ये दहा-पंधरा वर्षांचा मजकूर अडकलेला होता, तिथे विषयच निघाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यावर ११ न चढणाऱ्या मशीनसाठी पुन्हा मिंटची चौकशी होऊ लागली आहे. या वेळी बरेच काम ब्राउझरमध्ये गेलेले आहे, पण टोकन आणि प्रिंटर तिथेच आहेत.

सर्व्हरकडे नवा पेच मे २०२५ पासून आहे. एंटरप्राइझ १० ला आणि रॉकी १० ला एव्हीएक्स२ (एक नवा आज्ञासंच) असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलचा साधारण २०१३ नंतरचा. सेकंडहँड घेतलेले, इंटेलच्या झिऑन प्रोसेसरचे जुने टॉवर त्यात बसत नाहीत. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स२ आहे का ते आधी पाहावे. नसेल तर अल्माने १० ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे, किंवा ९ वर थांबता येते. ९ ची मुदत मे २०३२ पर्यंत आहे, असे निदान आज तरी लिहिलेले आहे.