पलीकडची सेवा बदलते तेव्हा

१ फेब्रुवारी २०२५ पासून यूपीआयच्या व्यवहार क्रमांकात फक्त इंग्रजी अक्षरे आणि अंक चालू लागले. आडवी रेघ, तिरकी रेघ, स्टार असे एकही चिन्ह दिसले की व्यवहार नाकारायचा, हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम. चिन्हे वापरू नका, हे मार्च २०२४ मध्येच कळवले होते. पण वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारे परिपत्रक बँका आणि पेमेंट कंपन्यांच्या नावे असते. अंधेरीत किंवा पवईत बसून हा क्रमांक बनवणारे बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यापर्यंत ते यायला मधे दोन-तीन हात लागतात. एकाच्या मेलबॉक्समध्ये ते अडकले, की दहा महिन्यांची सूचना असूनही बदल अचानकच होतो.

दुसऱ्यांच्या सेवांवर आपले सॉफ्टवेअर उभे करायची पद्धत रुळली ती २००० च्या आसपास. सेल्सफोर्स आणि ईबे यांनी त्याच वर्षी आपले एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला आपली सेवा वापरू देणारे दरवाजे, खुले केले. पुढे सोप ही निरोपांची पद्धत आणि तिचे वर्णन लिहिणारी डब्ल्यूएसडीएल आली. काम जड होते, पण करार लेखी होता: कुठले फील्ड (माहितीचा रकाना), कुठल्या प्रकारचे, सक्तीचे की ऐच्छिक. करार मोडला तर बहुतेक वेळा लगेच एरर यायची. मग रेस्ट ही साधी पद्धत आणि जेसन हा माहिती लिहिण्याचा हलका साचा आले, काम हलके झाले आणि करार बोलण्यावर आला. फील्ड गुपचूप वाढते, रिकामे येते, अर्थ बदलते. कोणी ओरडत नाही.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण ट्विटरचे आहे. २०१० मध्ये त्यांनी ट्वीटचे क्रमांक देण्याची पद्धत बदलली आणि क्रमांक ५३ बिटांच्या पुढे जाणार हे स्पष्ट झाले. जावास्क्रिप्टला ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके धरता येत नाहीत. शेवटचे आकडे बदलतात. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, फक्त क्रमांक भलत्याच ट्वीटचा. म्हणून त्यांनी तोच क्रमांक मजकूर म्हणून देणारे वेगळे फील्ड जोडले. बाहेरून आलेला कुठलाही ओळख क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा, हा नियम तेव्हापासून पाळण्यासारखा आहे.

बंद पडणाऱ्या सेवेवर उपाय लवकर सापडला. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये हिस्ट्रिक्स हे आपले सॉफ्टवेअर खुले केले आणि सर्किट ब्रेकर घरोघरी पोचला: ठरावीक प्रमाणात चुका झाल्या की काही सेकंद विनंत्याच पाठवायच्या नाहीत. पण बदलाच्या बाबतीत हेच हत्यार घात करते. नव्या नियमामुळे ४०० क्रमांकाच्या एरर (तुमची विनंतीच चुकीची) येत असतील आणि ब्रेकर त्याही मोजत असेल, तर तो उघडतो, खरे कारण झाकले जाते आणि सगळी टीम नेटवर्क तपासत बसते. ब्रेकरने टाइमआउट आणि ५०० च्या घरातल्या, म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या, चुकाच मोजाव्यात. ४०० च्या घरातल्या चुका एकदम वाढल्या तर वेगळा अलार्म हवा, आणि त्यात समोरून आलेले उत्तर जसेच्या तसे हवे.

बदलासाठी आवृत्त्या आल्या. पेमेंट कंपनी स्ट्राइपने तारखेच्या आवृत्त्या दिल्या, ग्राहक आपल्या तारखेवर थांबू शकतो. २०१९ मध्ये आरएफसी ८५९४ या इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजाने ‘सनसेट’ हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणारी सूचनेची ओळ, ठरवून दिला: ही सेवा अमुक तारखेला बंद. तो वाचणारा कोड मात्र फार थोड्यांनी लिहिला. दहा ओळींचे काम आहे, आजच करून ठेवावे.

भारतातल्या पैशांच्या आणि निरोपांच्या सेवांना आवृत्तीचा हा आधार बहुधा मिळत नाही. नियामकाची तारीख सगळ्यांना एकच. दुकानदारांनी ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मुदतवाढी मिळत मिळत १ ऑक्टोबर २०२२ ला लागू झाला. तारीख पुढे सरकते, म्हणून नवा कोड तारखेच्या भरवशावर तैनात करायचा नसतो. आधीच चढवून स्विचमागे, म्हणजे एक सेटिंग बदलले की चालू होईल असा, ठेवायचा आणि जुना रस्ताही चालू ठेवायचा.

८ मार्च २०२१ चा एसएमएसचा गोंधळ अजून शिकवणारा. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार दूरसंचार कंपन्यांनी नोंदणीकृत टेम्प्लेटशी मजकूर ताडायला सुरुवात केली. न जुळलेले संदेश गळाले, देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. अशा वेळी एसएमएसचा एपीआय ‘स्वीकारले’ असेच उत्तर देऊ शकतो, कारण गळती त्याच्या पुढे होते. लक्ष ठेवायचे ते पोचपावतीवर. दर पाच मिनिटांनी स्वतःच्या एका नंबरवर खरा ओटीपी पाठवावा. दोन मिनिटांत पावती आली नाही तर माणसाला उठवावे.

पुन्हा त्या व्यवहार क्रमांकाकडे. यूपीआयमध्ये त्याची मर्यादा ३५ अक्षरांची. यूयूआयडी, म्हणजे संगणकाने बनवलेला एकमेव ओळख क्रमांक, ३६ अक्षरांचा, त्यात चार आडव्या रेघा. त्या काढल्या की ३२ उरतात आणि पुढे तीन अक्षरी उपसर्ग बसतो. इथवर सोपे. पण ज्यांचा क्रमांक शाखा आणि बिल जोडून होतो, त्यांनी नुसती रेघ पुसली तर १२-३ आणि १-२३ दोन्ही १२३ होतात, आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाचे पैसे अडतात. प्रत्येक भागाला ठरावीक लांबी द्यावी, मोकळी जागा शून्यांनी भरावी: ००१२०००३ आणि ०००१००२३.

जुने क्रमांक मात्र डेटाबेसमध्ये बदलू नयेत. ३१ जानेवारीला घेतलेल्या पैशांचा परतावा १० फेब्रुवारीला द्यायचा तर बँकेच्या फाइलमध्ये मूळ व्यवहार रेघेसकटच असतो. नवा क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवावा, आणि ताळमेळाच्या स्क्रिप्टने आधी जुन्या रकान्यात शोधावे, मग नव्या.