बटण दाबून मोजा

गाडीतला वायरलेस सेट दिवसभर स्वच्छ ऐकू येतो. बोलायला माइकचं बटण दाबलं की डिस्प्ले विझतो आणि सेट नव्याने सुरू होतो. तोच सेट काढून दुरुस्तीच्या टेबलावर नेला, की ठणठणीत! दुरुस्तीवाल्यावर चिडून उपयोग नाही. दोष बहुतेक वेळा बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वायरीत असतो आणि ती वायर गाडीतच राहिलेली असते.

हिशेब सोपा आहे. ५० वॅटचा व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झसारख्या लहरींवर चालणारा) सेट ऐकताना जेमतेम अर्धा अँपिअर ओढतो, बोलताना १० च्या आसपास. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम. बॅटरी ते डॅशबोर्ड ४ मीटर धरले, तर जाऊन-येऊन ८ मीटर, म्हणजे ०.१४ ओहम. ऐकताना या वायरीत ०.०७ व्होल्ट खर्ची पडतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. बोलताना मात्र १.४ व्होल्ट वाटेतच जातात. इंजिन बंद असेल आणि बॅटरीवर १२.५ व्होल्ट असतील, तर सेटच्या हाती उरतात ११.१. बरेच सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतात. म्हणजे खालची हद्द सुमारे ११.७. सिगारेट लायटरच्या सॉकेटमागच्या अशाच बारीक वायरीवर सेट जोडणाऱ्यांची तक्रार इथूनच सुरू होते. हीच वायर ४ चौरस मिलिमीटरची टाकली, तर घट ०.३५ व्होल्टवर येते.

म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर, दुसरा सेटजवळच्या पॉझिटिव्ह जोडावर, आणि साथीदाराला बटण दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर प्रोब एकेक जोड पुढे सरकवत जा: टर्मिनल, फ्यूज होल्डर, क्रिंप (दाबून बसवलेला जोड). आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथे दोष. फ्यूज होल्डर बोटाला गरम लागला, तर मीटरचीही गरज नाही. निगेटिव्ह बाजूही अशीच तपासा. तिच्याकडे सगळे हमखास दुर्लक्ष करतात.

निगेटिव्ह थेट बॅटरीला जोडली असेल, तर तिच्यातही बॅटरीजवळ फ्यूज हवा. इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी अर्थिंग पट्टी तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह सेटच्या बारीक वायरीतून वाट शोधतो. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर असतो. तिथे वायर टर्मिनलला न जोडता, सेन्सरपलीकडे बॅटरीची केबल बॉडीला जिथे बसते तिथे जोडायची. ट्रक-बसमध्ये २४ व्होल्ट असतात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा जुगाड करू नका: एक बॅटरी अर्धवट भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. त्याला २४ वरून १३.८ करणारा कन्व्हर्टरच लागतो.

पुरवठा नीट असूनही आवाज लांब जात नसेल, तर अँटेनाची केबल काढून तिच्या जागी वॅटमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती पचवणारा रोध) लावा. अँटेना किंवा लोड नसताना बटण कधीच दाबू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. मीटरवर ४५ ते ५० वॅट दिसले, की सेट निर्दोष सुटला.

आता केबल. इथे एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा मीटर (१ म्हणजे काहीच परत नाही), चक्क फसवतो. केबलमध्ये पावसाचं पाणी शिरलं, की परत येणारी शक्ती वाटेतच जिरते आणि मीटर १.३ असा छान आकडा दाखवतो. खरी परीक्षा म्हणजे डमी लोड केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला नेऊन तिथले वॅट मोजणं. आरजी-५८ केबल ५ मीटर असेल, तर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे १ डेसिबल जातो. म्हणजे ५० पैकी ४० वॅट पोचले पाहिजेत. २० च पोचले, तर केबल बदला. कापून पाहिलीत तर आतली जाळी काळी पडलेली दिसेल. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं, म्हणून बाहेरच्या जोडावर आपोआप चिकटणारी रबर टेप हवीच.

केबल चांगली आणि एसडब्ल्यूआर ३, तर अँटेना किंवा तिची बैठक बघा. ३ ला चौथा हिस्सा शक्ती परत येते आणि सेट स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो. पाव तरंगलांबीची काडी १४५ मेगाहर्ट्झला ४९ सेंटिमीटरच्या आसपास असते, पण तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचं पत्र्याचं छप्पर. फायबरच्या टपावर ती लंगडीच चालणार. काही अँटेनांच्या बुडाशी कॉइल असते. त्या मल्टिमीटरवर शॉर्ट दिसतात, तो दोष नव्हे.

ऐकताना शिट्टी येते आणि अॅक्सिलरेटरबरोबर तिची पट्टी चढते? ती अल्टरनेटरची, सेटच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीवरून घेतल्या, की बहुधा थांबते. इंजिन बंद असतानाही खरखर असेल, तर आधी यूएसबी चार्जर उपटा, मग एलईडी दिवे आणि डॅशकॅम.

वॅटमीटरवर ५० वॅट, समोरच्याला मात्र नुसती शांतता, अशी तक्रार असेल तर माइकच्या गुंडाळीदार वायरीचं प्लगजवळचं टोक हलवून पाहा. आतली तार तिथेच तुटते. आणि आवाज जातोय पण रिपीटर (आवाज पकडून पुढे पाठवणारं केंद्र) उघडत नाही, तर स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून सेटिंग बघा: टोन (रिपीटर उघडायला आवाजासोबत जाणारा सूर), उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झ, आणि ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला ६०० किलोहर्ट्झचा फरक वर आहे की खाली.