काळी तेवढी ठेवायची

अंड्यातून बाहेर येऊन जेमतेम तीन-चार दिवस झालेली पिल्लं, भाताच्या शिताएवढी. जपानमधल्या निइगाता प्रांतातला, ‘कोई’ हे शोभेचे रंगीत मासे वाढवणारा पालक त्यातली थोडी पांढऱ्या भांड्यात घेतो आणि वाकून बघत बसतो. काळसर दिसतात ती ठेवायची, फिकट ती काढून टाकायची. ‘शोवा’ या जातीची पहिली निवड अशी होते. लाल-पांढरे पट्टे काळ्या अंगावर नंतर उमटतात. जी फिकट जन्मली, त्यांच्यात चांगला शोवा निघायची आशा नसते.

कोई म्हणजे शेवटी कार्प. आपल्या शेततळ्यात रोहू-कटल्याबरोबर ‘सिप्रिनस’ सोडतात ना, त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. निइगातातल्या यामाकोशी आणि ओजियाच्या डोंगरात भातखाचरांजवळच्या तळ्यांत हे काळे मासे पाळत ते खाण्यासाठीच, कारण हिवाळ्यात बर्फानं वाटा बंद व्हायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात काही लाल डागांचे निघाले आणि कुणीतरी ते चुलीवर न चढवता बाजूला ठेवले. १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर ते देशभर गाजले. ‘निशिकीगोई’ हे त्यांचं नाव. आपण किनखापी मासे म्हणू.

दोनशे वर्षं झाली, तरी हा मासा हुकमी पैदा होत नाही. कार्पच्या पूर्वजांत कधीतरी सगळी जनुकं दुप्पट झाली: त्याच्या बऱ्याच नातेवाईकांत ५० गुणसूत्रं, याच्यात १००. त्यात रंग वारशानं मिळाला तरी डाग नेमका कुठे पडेल हे काही मिळत नाही. लाल-पांढऱ्या ‘कोहाकू’ची उत्तम जोडी लावली तरी पोरं निम्मीशिम्मी नुसती पांढरी, नुसती लाल किंवा विचित्र ठिगळांची. मादी एका विणीत लाखांनी अंडी घालते. तीन-चार निवडींनंतर हाती राहतात मूठभर.

त्यातही लाल रंग माशाला स्वतः बनवता येत नाही. तो कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, म्हणजे शेवाळातून, खाद्यातून यायचा. जास्त चारलं तर पांढरा भाग पिवळट पडतो, आणि मग सगळंच बिघडलं.

मला सर्वात भावतो तो ‘तातेगोई’ हा शब्द. आज साधा दिसणारा, पण पुढे खुलेल असं पालकाला वाटणारा मासा. असा मासा विकायचा नाही, उन्हाळ्यात मातीच्या तळ्यात सोडायचा आणि शरद ऋतूत तळं उपसून बघायचं. अंदाज खरा ठरला तर काय होतं? २०१८ मध्ये एक कोहाकू मादी २० कोटी येनांहून जास्त किमतीला गेली.

२३ ऑक्टोबर २००४ ला निइगातात भूकंप झाला, तो नेमका तळी उपसायच्या हंगामात. तळ्यांचे बांध फुटले, वीज गेल्यामुळे टाक्यांतली हवा बंद पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले जनक मासे मेले. यामाकोशीतली सगळी माणसं हेलिकॉप्टरनं हलवली. मागाहून वाचलेले कोईही तसेच आकाशातून खाली आणले.