उन्हाळा फुफ्फुसांना मानवतो?

‘सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा, बहुधा धुरामुळे जडणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) छळतो तो थंडीत, उन्हात छाती मोकळी होते’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. अर्धंच खरं आहे. थंडी बाधतेच, पण उष्णतेच्या लाटेतही या रुग्णांची धाप वाढते.

शरीर तापलं की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधली प्रथिनं घडी मोडल्यासारखी विस्कटतात. मग ‘हीट शॉक प्रथिनं’ धावून येतात आणि घडी पुन्हा बसवतात. (या यंत्रणेची पहिली खूण १९६२ मध्ये सापडली, तीही फळमाशीत!) धुरानं आधीच सुजलेल्या पेशींना हा जादा बोजा जड जातो. शिवाय गरम, दमट हवेनं तिथल्या संवेदी नसा चाळवतात. खोकला येतो, नळ्या आवळतात. गरम, दमट वाफ घेतल्यावर बरं वाटतं खरं, पण मोकळं होतं ते नाक. आवळलेल्या नळ्या त्यानं सुटत नाहीत.