दर ब्रेकला लिटरभर आधण

ताशी ११० किलोमीटरनं धावणारी प्रीमियर पद्मिनी वळणाआधी ताशी ५० वर आणली, की ब्रेकमध्ये सुमारे ३ लाख ६० हजार जूल उष्णता तयार होते. गाडी आणि चालक मिळून वजन ९८० किलो धरलं आहे. लिटरभर पाण्याला आधण यायला याहून थोडी कमीच उष्णता लागते. रेसच्या सर्किटवर एका फेरीत अशी तीन-चार वळणं येतात. म्हणजे फेरीला चारेक लिटर पाण्याचं आधण, आणि ती उष्णता झेलायला बिडाचे चार ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची भांडी. तेही १९५३ साली आलेल्या फियाट ११०० च्या घराण्यातले, ज्यांच्याकडून बाजाररस्त्यावर सायकलवाला आडवा आला तर थांबण्यापलीकडे फारशी अपेक्षा कधी नव्हती.

जुनी गाडी ट्रॅकसाठी तयार करायची म्हटलं की मित्रमंडळींच्या गप्पा पॉवरवरून सुरू होतात. कार्ब्युरेटर कुठला, कॅमशाफ्ट कसा घासायचा, सायलेन्सरचा पाइप किती इंची. प्रत्यक्षात पद्मिनी ट्रॅकवर बंद पडते ती बहुतेक वेळा उष्णतेचा हिशेब चुकल्यामुळे. ब्रेक, ऑइल, पाणी, पेट्रोल या चारही ठिकाणी उष्णता येते किती आणि जाते कुठून, एवढं पाहिलं तरी अर्धी गाडी तयार झाली.

पुण्यात हा उद्योग करणं सोयीचं आहे. नाना पेठेत जुने-नवे पार्ट मिळतात. जो मिळत नाही तो भोसरी-चिंचवडच्या एखाद्या लेथवर नमुना देऊन करून घेता येतो. खरं सर्किट मात्र लांब. कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, दोन्हीकडे हजार-बाराशे किलोमीटर जावं लागतं. गाडी ट्रेलरवर टाकूनच न्यायची. ताम्हिणीत किंवा लवासाच्या रस्त्यावर पहाटे ‘टेस्टिंग’ करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सरळ गुन्हा आहे, आणि कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायला कलम ५२ आडवं येतं. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि इंजिन, चासी, बॉडीत मोठे बदल न केलेल्या गाडीलाच. तेव्हा ज्या गाडीची कागदपत्रं आणि मूळ अंगं शाबूत आहेत तिला हात लावू नका. रेसिंगसाठी अर्धवट गंजलेली, सीट-डॅशबोर्ड गेलेली गाडी शोधा. तिचं काही नुकसान होत नाही, आणि आतला पसारा आधीच गेलेला असल्यामुळे वजनही कमी भरतं.

आता ब्रेक. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं आणि साधारण दोन तृतीयांश काम पुढच्या ड्रमना करावं लागतं. पुढचे दोन ड्रम मिळून १० किलो बीड धरलं, तर एका ब्रेकला त्यांचं तापमान जवळपास ५० अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत त्यातलं थोडंच उतरतं, कारण ड्रम तापतो आतून आणि वारा लागतो बाहेरून. तिसऱ्या-चौथ्या फेरीत तापमान तीनशेच्या घरात जातं आणि तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली, ड्रम फुगतो. २५० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला की व्यास अर्ध्या मिलिमीटरनं वाढतो. ड्रम त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून लांब सरकतो आणि पेडल खाली जातं. दुसरी, साध्या लायनरमधलं (शूवरच्या अस्तरातलं) रेझिन विघटित होऊन वायू सोडतं आणि लायनर व ड्रम यांच्यात त्याची पातळ गादी तयार होते. तिसरी सगळ्यात घातक. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच स्वतःला आणखी दाबतो. ड्रम ब्रेकला बूस्टर नसला तरी चालतं ते याच गुणामुळे. पण हा गुण घर्षणावर उभा आहे. घर्षण वीस टक्क्यांनी घसरलं तर ब्रेकची ताकद वीस टक्क्यांहून बरीच जास्त घसरते. म्हणून ड्रम हळूहळू कमकुवत होत नाही, एका वळणावर ‘होता’ आणि पुढच्या वळणावर ‘नाही’ असा वागतो.

ड्रमच ठेवायचे असतील तर लायनर बसवण्यावर एक अख्खी सकाळ खर्च करा. ड्रमच्या आत खडू फासायचा, शू हातानं दाबून ड्रम फिरवायचा आणि लायनरवर खडू कुठे लागतो ते पाहायचं. फक्त मधोमध लागला तर लायनर तेवढ्याच जागेवर टेकतोय. तिथला उंचवटा कानशीनं उतरवत निदान ऐंशी टक्के भागावर खडू उमटेपर्यंत हे चालू ठेवायचं. मग वीसेक वेळा वाढत्या जोरानं ब्रेक लावून, मध्ये थंड व्हायला वेळ देत, नवे लायनर रुळवायचे.

बहुतेक जण पुढे मारुतीच्या छोट्या गाड्यांच्या डिस्क बसवतात. निर्णय चांगला आहे. डिस्क उघड्यावर असते आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते, लांब जात नाही. चूक होते ती मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरमध्ये. ड्रमच्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे शू दाबणाऱ्या सिलिंडरचे रबरी कप हवा ओढत नाहीत. हाच सिलिंडर डिस्कला जोडला की पॅड कायम घासत राहतात. दोन फेऱ्यांत डिस्क निळी पडते आणि दोष पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला दिला जातो. व्हॉल्व्ह काढा, किंवा दोन स्वतंत्र सर्किट असलेला टँडम सिलिंडरच लावा. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात, तेवढ्या एका कारणासाठीही तो हवाच. शिवाय डिस्कला स्वतःला दाबून घेण्याचा गुण नसतो, त्यामुळे पेडल जड होणार. ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

ब्रेक ऑइल डॉट ४ वापरा. कोरडं असताना ते निदान २३० अंशांना उकळतं, पण हवेतली ओल शोषल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. पुण्याचा पावसाळा काढलेल्या गाडीत ते कोरडं राहिलेलं नसतंच. नळीत वाफ झाली की पेडल वाफ दाबत बसतं, चाकापर्यंत काही पोचत नाही. दर सीझनला पूर्ण ऑइल बदला आणि उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

इंजिनाकडे येताना हाव आवरावी लागते. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ताकद चाळीसेक अश्वशक्ती आणि तीही ४८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास. ते ६००० पर्यंत फिरवलं तर कनेक्टिंग रॉडवरचा ओढ आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढतो. रिंगा आणि पिनसकट ४५० ग्रॅमचा पिस्टन वर टोकाला जाऊन उलटतो, तेव्हा रॉडवर ढोबळमानानं साडेआठशे किलोचा ओढ येतो. आख्खी पद्मिनी रॉडच्या दोन बोल्टना टांगल्यासारखं झालं. तेही सेकंदाला शंभर वेळा. रॉडचे बोल्ट नवे घाला, टॉर्क रेंचनं कसा आणि आपली मर्यादा ५५०० ठरवून टॅकोमीटरवर लाल चिकटपट्टी लावा. स्टेअरिंगवरच्या गिअरच्या दांडीचे बुश झिजलेले असतील तर तेही करून घ्या, कारण तिसऱ्यातून चौथा टाकायच्या घाईत दुसरा पडला की त्या चिकटपट्टीला कोण विचारतो.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, वाढवणं हा स्वस्त उपाय, पण आधी मोजा. एका सिलिंडरचं आकारमान २७२ सीसी. कॉम्प्रेशन ७.५ असेल तर वरची जागा ४२ सीसी. ते ८.३ करायला ती ३७.३ सीसीवर आणावी लागते, म्हणजे ४.६ सीसी कमी. हेड उलटं ठेवून, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची काच ग्रीसनं चिकटवा आणि डॉक्टरच्या सिरिंजनं पातळ तेल भरत चेंबर मोजा. चारही चेंबर सारखे निघत नाहीत हे लगेच दिसेल. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर असेल, तर ४.६ सीसीसाठी साधारण १.३ मिलिमीटर घासावं लागेल. तेवढंच व्हॉल्व्ह उघडणारं रॉकर खाली येतं, म्हणून त्याच्या स्टँडखाली तितक्याच जाडीची शिम घाला. नाहीतर टॅपेटचा स्क्रू संपतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून जळतो. कॉम्प्रेशन ९ करायचा मोह होईल. ७.९ सीसी काढायला दोन मिलिमीटरहून जास्त घासावं लागतं आणि मग गॅस्केट फार काळ टिकत नाही.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत सध्या सगळ्यात मोठा बदल पंपावर झालाय. ई२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन जायला हवं. सोलेक्स पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. प्रवाह व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून १२० च्या जागी १२५ घातला की हिशेब बसतो. जेट तोच ठेवला तर मिक्श्चर पातळ होतं, फुल थ्रॉटलवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा जास्त तापतो. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायाफ्रामही खातं. ते इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या.

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात ट्यून केलेली गाडी चेन्नईत बिघडेल का, हा नेहमीचा वाद. पुण्याची हवा उंचीमुळे पाचेक टक्के विरळ आहे, हे खरं. पण हिवाळ्यात पहाटे १२ अंशांत ट्यून करून भर दुपारी ३० अंशांच्या चेन्नईत गाडी धावली, तर उष्णतेमुळे तिकडची हवा जवळपास तितकीच विरळ होते. दोन्ही फरक एकमेकांना खातात. जेट बदलण्याआधी तापमान बघा. खात्री प्लगवरून करायची: फुल थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, गाडी कडेला घेऊन प्लग काढायचा. फिकट बिस्किटी रंग ठीक. पांढराफटक आणि त्यावर चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनिअम वितळून उडतंय, घरी चला.

पाण्याचं गणित थोडक्यात. फुल थ्रॉटलवर इंजिन चाकांना जेवढी ताकद देतं, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरवर टाकतं. इथे ती तीसेक किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे पंधरा गिझर. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं हा आवडता उपाय, पण त्यानं उपयोग होईलच असं नाही. त्याची जागा मोकळी सोडली तर काही इंजिनांत पाणी हेडमधल्या गरम कोपऱ्यांना टाळून सोपा रस्ता धरतं. रेडिएटरचा गाभा रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून, साफ करणं आणि नवं दाबाचं झाकण यांनी जास्त फरक पडतो. पुण्यात उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं, सात पीएसआयच्या झाकणाखाली ११० च्या आसपास.

ऑइलचा धोका मात्र दिसत नाही. चांगल्या रेडियल टायरवर गाडी ०.८ जीनं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोरानं, वळते तेव्हा इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधलं ऑइल जवळपास ३९ अंशांत कलतं. कललेल्या परातीतल्या पाण्यासारखं ते एका कडेला जमतं आणि पंपाची जाळी उघडी पडते. दाबाचा काटा क्षणभर शून्याकडे झुकतो आणि तेवढ्यात बेअरिंगवरचा थर पुसला जातो. ऑइल चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून मध्ये जाळीभोवती छोटा कप्पा करा. ऑइल २०डब्ल्यू-५०, आणि जुन्या सपाट टॅपेटसाठी झिंक-फॉस्फरस पुरेसं असलेलं. आधुनिक कारच्या महागड्या ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी केलेलं असतं.

टायरमध्ये थंड असताना २६ पीएसआय भरली तर २५ अंशांचं टायर ६५ अंशांवर गेल्यावर काटा ३१ दाखवतो. म्हणून हवा तपासायची ती फेऱ्या मारून पिटमध्ये आल्या आल्या, आणि चारही चाकांची.

शेवटची फेरी ब्रेक न लावता, वरच्या गिअरमध्ये सावकाश मारायची, म्हणजे वारा ड्रमना थंड करतो. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे. फुगलेल्या ड्रमवर शू आवळून ठेवले की थंड होताना ड्रम आकसून त्यांच्यावर घट्ट बसतो. पेडल खाली गेलं म्हणून कुणी गरम ड्रमवरच अ‍ॅडजस्टर फिरवला असेल तरी तेच होतं, आणि संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवताना चार जण ढकलतायत तरी मागची चाकं हलत नाहीत.