डायबिटीस नाही म्हणून निवांत राहू नका

शुगर जरा बॉर्डरवर, बीपी थोडं वर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १७०, बाकी सगळं नॉर्मल, असं म्हणून लोक रिपोर्ट कपाटात टाकतात. पण याच तिघांना मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात हो! पाच गोष्टी बघायच्या: उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर, बीपी १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी (पुरुषांत ४०, बायकांत ५०च्या खाली) आणि पोटाचा घेर. यातल्या कुठल्याही तीन असल्या की झाला मेटाबॉलिक सिंड्रोम, आणि त्यातून पुढे स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका येऊ शकतो.

घेराची मर्यादा आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. पॅंटच्या साइजवर जाऊ नका, पॅंट आपण ढेरीच्या खाली बांधतो, ३४ची पॅंट घालणाऱ्याचा घेर ३८ इंच म्हणजे जवळपास ९७ सेंमी निघू शकतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, आणि पोट आत ओढायचं नाही.

"मी तर बारीक आहे" हेही चालत नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२! लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये २००४ला दोघांच्या फोटोसकट छापून आलंय.

पोटातली ही चरबी सतत फॅटी अ‍ॅसिड लिव्हरकडे सोडत राहते, शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं (हाच इन्शुलिन रेझिस्टन्स), रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, त्यात बीपीचा मारा, मग मानेतल्या नाहीतर मेंदूतल्या वाहिनीत थर साचतो आणि त्यावर गुठळी धरते. शरीर गुठळ्या विरघळवत असतं पण पीएआय-१ नावाचं प्रोटीन त्याला अडवतं आणि या लोकांत तेच वाढलेलं असतं. वाहिनी बंद झाली की मेंदूच्या त्या भागाचं रक्त थांबतं, हाच इस्केमिक स्ट्रोक.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१६चा आयरिस अभ्यास. स्ट्रोक किंवा मिनी-स्ट्रोक येऊन गेलेले, डायबिटीस नसलेले पण इन्शुलिन रेझिस्टन्स असलेले पेशंट. पायोग्लिटाझोन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांत पुन्हा स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक ९ टक्क्यांना आला, न घेणाऱ्यांत ११.८. म्हणजे डायबिटीसच्या आधीच नुकसान चालू असतं. त्या गोळीने वजन वाढतं, हाडं मोडायचं प्रमाणही वाढलं, त्यामुळे ती सरसकट देत नाहीत. रोजचं चालणं आणि घेर कमी करणं मात्र पाचही आकड्यांवर काम करतं. त्यातही आधी बीपी धरा, स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, आणि बीपीची गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.