फेडरल धोरणं आणि अमेरिकेतली कॉलेजं

अमेरिकेत फेडरल सरकार, म्हणजे वॉशिंग्टनचं केंद्र सरकार, लष्करी अकॅडमी वगैरे सोडल्या तर कॉलेजं स्वतः चालवत नाही. त्यांच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही, त्यामुळे तो विषय राज्यांचा, आपल्या यूजीसीसारखं तिथे काही नाही. तरी वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली की छोट्या कॉलेजपासून हार्वर्डपर्यंत सगळ्यांची धावपळ होते, कारण पैशाच्या आणि व्हिसाच्या नाड्या तिथेच आहेत.

सुरुवात जमिनीपासून झाली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं उभी राहिली, आपल्या मुलांना ओळखीची असलेली परड्यू युनिव्हर्सिटी त्यातलीच. १९४४ च्या जीआय बिलाने युद्धावरून परतलेल्या सैनिकांची फी भरली आणि १९४७ पर्यंत कॉलेजात जवळपास निम्मे माजी सैनिकच होते! मग १९६५ चा हायर एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, आजची फेडरल कर्जं आणि गरीब मुलांसाठीची पेल ग्रँट त्याच्याच छत्राखाली चालतात. पण पैसा आला की अटही येते. १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याने सांगितलं की केंद्राचे पैसे हवेत तर मुलींशी भेदभाव चालणार नाही, आणि त्यातून कॉलेजांमध्ये मुलींच्या खेळांचं चित्रच पालटलं. अट चांगली असेल तर ती काय करू शकते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता रिसर्चचं बघू, कारण इथे लोकांचा फार गोंधळ होतो. एखाद्या प्रोफेसरला एनआयएचकडून, म्हणजे वैद्यकीय रिसर्चला पैसे देणाऱ्या फेडरल संस्थेकडून, १०० डॉलर मिळाले आणि युनिव्हर्सिटीचा ओव्हरहेडचा, म्हणजे आनुषंगिक खर्चाचा, दर ५० टक्के असेल तर ते पन्नास त्या शंभरातून कापत नाहीत, वरून वेगळे मिळतात. त्यातून लॅबची वीज, उंदरांची देखभाल, घातक कचऱ्याची विल्हेवाट, हिशेब ठेवणारी माणसं, हे सगळं चालतं. हा दर प्रत्येक संस्था सरकारशी बोलून ठरवते. ७ फेब्रुवारी २०२५ ला, शुक्रवारी, एनआयएचने जाहीर केलं की सोमवारपासून सगळ्यांना ओव्हरहेड सरसकट १५ टक्के. कोर्टाने ते अडवलं, पण तोवर भीती पसरलीच होती, आणि मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी मेडिकल स्कूलने पीएचडीला दिलेले प्रवेश मागे घेतले. म्हणजे नियम लागू व्हायच्या आधीच त्याची झळ बसली, आणि ती बसली नुकत्या बीएससी झालेल्या पोरांना.

अंमलबजावणी ढिसाळ असली की चांगला हेतूही वाया जातो. आर्थिक मदतीचा फॉर्म, फॅफ्सा, सोपा करायचा कायदा २०२० मध्ये झाला, पण नवा फॉर्म नेहमीच्या ऑक्टोबरऐवजी २०२३ च्या डिसेंबरअखेर उघडला, कॉलेजांकडे माहिती मार्चमध्ये पोचायला लागली, आणि आपल्याला किती मदत मिळणार हे कळायच्या आधीच कॉलेज निवडायची वेळ घरोघरी आली. पैसेवाल्यांना याचा फरक पडत नाही, ज्याच्या घरात कॉलेजला जाणारा तो पहिलाच, त्याचं गाडं तिथेच अडतं.

फेडरल कर्ज-ग्रँट परदेशी मुलांना मिळतच नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याहून एमएसला जाणाऱ्यांना धक्का बसतो तो व्हिसाचा. हीच मुलं पूर्ण फी भरतात म्हणून कित्येक युनिव्हर्सिट्यांचा जमाखर्च जुळतो. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीवर, एक वर्ष आणि स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) २०१६ च्या नियमाने आणखी २४ महिने काम करता येतं, घरचे एज्युकेशन लोनचं गणित या तीन वर्षांवर मांडतात. मे २०२५ च्या शेवटी अमेरिकेने व्हिसा इंटरव्ह्यूच्या नव्या तारखा देणं थांबवलं, जूनमध्ये पुन्हा सुरू केलं ते सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायची अट घालून, आणि ज्यांचं सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू होणार होतं त्यांच्या हातात उरले जेमतेम दोन महिने.